शाळेसाठी निधी मागताना: पट, ठराव आणि पोच

जिल्हा परिषदेच्या शाळेत काही कमी पडलं की सातारा-सांगलीकडच्या गावांत आधी वर्गणीची गोष्ट निघते. सवय जुनी आहे आणि अभिमानाचीही. रयत शिक्षण संस्था १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी सुरू झाली ती लोकांच्याच बळावर. पण वर्गणीतून भिंती रंगतात, टीव्ही येतो. शिक्षकाचं पद येत नाही. शिवाय वर्गणी आधीच गोळा झाली की पंचायत समितीत ‘गावानं केलंय की’ म्हणून विषय संपतो. म्हणून क्रम बदला. जे सरकारकडून मिळायला हवं ते आधी लेखी मागा, नाकारलं तर नकारही लेखी घ्या, आणि वर्गणीचं त्यानंतर बघा.

शाळेला कुलूप ठोकलं की पेपरात बातमी येते, दोन-चार दिवसांत तात्पुरते गुरुजीही येतात, आणि महिन्याभरात परत जातात. कारण कागदावर पद मंजूरच नसतं, किंवा असतं आणि भरलेलं दिसतं. तो कागद कसा वाचायचा आणि कसा बदलायचा, याबद्दल हे लिहिलं आहे.

कायद्यानं काय मिळतं

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचं परिशिष्ट दीड-दोन पानांचं आहे. त्याची झेरॉक्स शाळा व्यवस्थापन समितीच्या फाईलमध्ये पहिलं पान म्हणून लावा. पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत (पट म्हणजे शाळेत नाव नोंदलेली मुलं) २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४, १२१ ते २०० ला ५, आणि १५० च्या वर पट गेला तर या ५ शिवाय मुख्याध्यापक. सहावी ते आठवीला दर ३५ मुलांमागे किमान १ शिक्षक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं, भाषा यांना किमान एकेक. प्रत्येक शिक्षकाला एक वर्गखोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, पोषण आहारासाठी स्वयंपाकखोली, मैदान, संरक्षक भिंत किंवा कुंपण, ग्रंथालय, अपंग मुलाला अडथळ्याशिवाय येता येईल असा रस्ता. यातलं काहीही ‘मिळालं तर बरं’ या यादीतलं नाही.

दोन कलमं तोंडपाठ ठेवावीत अशी आहेत. कलम २६ म्हणतं, शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांवर जाता कामा नयेत; द्विशिक्षकी शाळेत एक जागा रिकामी राहिली की ते ५० टक्के झालं. कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावता येत नाही.

मात्र एक खाच आहे. कार्यालयात पदं मोजली जातात ती संचमान्यतेवरून, म्हणजे पटाप्रमाणे शाळेला किती पदं मंजूर याच्या दरवर्षीच्या आदेशावरून, आणि संचमान्यता शासन निर्णयाच्या निकषांवर होते. १५ मार्च २०२४ च्या निर्णयानं हे निकष बदलले, त्यावर शिक्षक संघटनांनी राज्यभर हरकत घेतली. त्यामुळे मागणीपत्रात दोन्ही लिहा: कायद्याप्रमाणे किती पदं बसतात, आणि चालू संचमान्यतेत किती दिली आहेत. नुसतं कायद्याचं लिहिलं तर ‘संचमान्यतेप्रमाणे पदे भरलेली आहेत’ एवढं एका ओळीचं उत्तर येतं.

३० सप्टेंबरच्या आधी

सगळ्या मागणीचा पाया पट, आणि पट धरला जातो ३० सप्टेंबरचा. संचमान्यतेसाठी आधार वैध झालेली मुलंच मोजली जातात. वर्गात ६३ मुलं बसतात, पण तिघांच्या जन्मतारखा किंवा नावाचं स्पेलिंग दाखलखारीज रजिस्टर (शाळेतली प्रवेशाची नोंदवही) आणि आधारमध्ये जुळत नाही, म्हणजे कार्यालयाच्या लेखी पट ६०. या तीन मुलांपायी तिसऱ्या पदाची मागणीच उभी राहत नाही. म्हणून जुलै उजाडला की मुख्याध्यापकांकडून आधार न जुळलेल्या मुलांची यादी मागा आणि त्या-त्या घरी समितीतलं कुणीतरी जाऊन या. हे काम शिक्षकावर सोडलं तर ते होतं, पण सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, आणि तेव्हा आधार केंद्रावर रांग असते.

आपल्या पट्ट्यात दुसरी अडचण ऊसतोडीची. कारखान्यांचे गाळप हंगाम ३० सप्टेंबरनंतर सुरू होतात. वाळवा, कराड, पलूसकडे टोळ्यांबरोबर आलेली मुलं पटात धरलेली नसतात, आणि जत-आटपाडीकडून तोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं ऐन परीक्षेच्या आधी गायब असतात. येणाऱ्या मुलांना कागदपत्रं नाहीत म्हणून किंवा वर्ष अर्ध्यावर आलं म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. त्यांची नावं शिक्षण हमी कार्डावर (स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठीचं कार्ड) घ्यायला लावा आणि महिनेवार संख्या समितीच्या इतिवृत्तात उतरवा. पुढच्या वर्षी जादा शिक्षक किंवा पुस्तकं मागताना हाच पुरावा. जिथून लोक तोडीला जातात त्या गावांनी हंगामी वसतिगृहाचा (पालक गेल्यावर मुलांना गावातच ठेवायची सोय) प्रस्ताव गावातून पहिली गाडी सुटायच्या आत, म्हणजे सप्टेंबरातच द्यावा. गाव रिकामं झाल्यावर मुलं दाखवणार कुठून?

जतकडच्या कन्नड माध्यमाच्या शाळांनी पट आणि पदं माध्यमनिहाय मांडावीत. कन्नड न येणारा शिक्षक हजर झाला तरी कागदावर पद भरलेलंच दिसतं.

यूडायसचा फॉर्म वाचा

यूडायस म्हणजे देशभरातल्या शाळांच्या माहितीची सरकारी नोंद. त्यातला शाळेचा क्रमांक ११ अंकी असतो. साताऱ्याचे क्रमांक २७३१ ने सुरू होतात, सांगलीचे २७३५ ने. शाळेचं रिपोर्ट कार्ड यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं. त्यात खोल्यांची स्थिती तीन प्रकारांत असते: चांगली, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती. स्वच्छतागृहं किती आणि त्यांतली चालू किती, हे वेगळं.

नेमकं इथेच बिघडतं. फॉर्म भरताना मागच्या वर्षीचीच माहिती पुढे ओढली जाते. दोन वर्षांपूर्वी गळायला लागलेली खोली अजून ‘चांगली’, दार तुटलेलं स्वच्छतागृह अजून ‘चालू’. जिल्ह्यात दुरुस्तीची यादी करताना याच माहितीकडे बघितलं जातं आणि तुमची शाळा यादीत येतच नाही. फॉर्म अंतिम करण्यापूर्वी तो समितीच्या बैठकीत वाचून दाखवायला सांगा आणि प्रत्यक्ष शाळेत फिरून ताडून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे; आमच्या मते समितीच्या वर्षभरातल्या सगळ्या कामांत मोलाचं हेच.

समिती आणि ठराव

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि एकूण ५० टक्के महिला असाव्या लागतात. अध्यक्ष पालकांतला, सचिव मुख्याध्यापक. कलम २२ खाली शाळा विकास आराखडा करणं हे समितीचंच काम आहे. बऱ्याच ठिकाणी हा आराखडा कुठून तरी उतरवलेला असतो आणि सह्या घरोघरी फिरवून घेतलेल्या असतात. असा आराखडा वर कुणी वाचत नाही, कारण त्यात वाचण्यासारखं काही नसतं. ‘शाळेचा भौतिक विकास करणे’ यावर कुणी पैसे टाकू शकत नाही. काय, किती, कुठे, अंदाजे खर्च आणि कुठल्या योजनेतून, हे पाच रकाने भरा.

ठरावही असाच नेमका हवा. उदाहरणादाखल एक मसुदा:

‘ठराव क्र. ४. विषय: शिक्षक पद. शाळेचा यूडायस क्रमांक अमुक. दि. ३० सप्टेंबर रोजी इ. १ ली ते ५ वीचा पट ६४, पैकी आधार वैध ६४. मंजूर पदे २, प्रत्यक्ष कार्यरत १. दुसरे शिक्षक अमुक तारखेपासून अन्य शाळेत कामगिरीवर. अधिनियम २००९ च्या परिशिष्टानुसार ६१ ते ९० पटास ३ शिक्षक आवश्यक. सबब कामगिरीचा आदेश रद्द करून शिक्षकास मूळ शाळेत परत पाठवावे व तिसरे पद मंजूर करून भरावे, अशी मागणी करण्याचे सर्वानुमते ठरले. सूचक, अनुमोदक.’

यातला ‘कामगिरी’ हा शब्द फार महत्त्वाचा. शिक्षक तुमच्या शाळेच्या पटावर पगार घेतो आणि काम दुसऱ्या शाळेत किंवा कार्यालयात करतो. रिक्त पदांच्या यादीत तुमची शाळा दिसत नाही, त्यामुळे नवीन भरतीतही नंबर लागत नाही. अशा वेळी ‘शिक्षक द्या’ असं मागू नका. ‘आमचा शिक्षक परत द्या’ असं मागा आणि आदेशाची प्रत मिळवा. हे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या, म्हणजे तालुक्याच्या, पातळीवर सुटू शकतं, त्याला भरतीची वाट बघावी लागत नाही.

ठराव प्रोसिडिंगमध्ये लिहून झाल्यावर त्याची खरी नक्कल काढा, पत्राला जोडा, आणि पंचायत समितीच्या बारनिशीत (टपाल आवक-जावक विभागात) देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. केंद्रप्रमुखांच्या हातात दिलेलं, साहेबांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं पत्र हे दिलेलं पत्र नव्हे.

कुठला पैसा कुठे मागायचा

समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या योजनेतून शाळेला संयुक्त शाळा अनुदान येतं. पटाप्रमाणे ते १०,००० पासून १ लाख रुपयांपर्यंत आहे. ३१ ते १०० पटाला २५,००० आणि १०१ ते २५० ला ५०,००० रुपये. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. याशिवाय ग्रंथालयासाठी प्राथमिक शाळेला ५,००० आणि आठवीपर्यंतच्या शाळेला १३,००० रुपये, खेळ साहित्यासाठी अनुक्रमे ५,००० आणि १०,००० रुपये अशी तरतूद आहे. हे पैसे खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती यांसाठी. यातून खोली बांधता येत नाही. अनुदान वर्षाच्या उत्तरार्धात येतं आणि ३१ मार्चला न खर्चलेली रक्कम परत जाते. मग शेवटच्या आठवड्यात एकाच दुकानातून पुस्तकांचे गठ्ठे येतात. डिसेंबरातच खरेदीची यादी ठरवून, दरपत्रकं मागवून ठेवा. कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) आणि व्हाउचर बैठकीत बघायला मागणं हा संशय नाही, समितीचं कामच आहे. मुख्याध्यापकांनाही त्यानं आधार मिळतो, लेखापरीक्षणात एकट्यानं उत्तरं द्यावी लागत नाहीत.

पाणी, हात धुण्याची जागा, स्वच्छतागृह यांसाठी ग्रामपंचायत बघा. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे त्याच कामावर खर्चायची, राहिली आहे. आयोग बदलला की प्रमाण बदलू शकतं, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) चालू वर्षाचा आकडा घ्या. अट एकच: काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात असलं पाहिजे. आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या आसपास सुरू होते. त्या सभेला पालक गेले नाहीत तर आराखड्यात गटार आणि पेव्हर ब्लॉक येतात, शाळा येत नाही. त्याआधीच्या महिला ग्रामसभेत विषय मांडला तर तो नंतर मुख्य सभेत टाळणं अवघड जातं. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाली तर पुढच्या तारखेलाही जा.

नवीन वर्गखोली आणि मोठी दुरुस्ती जिल्हा वार्षिक योजनेतून, म्हणजे जिल्हा नियोजन समितीकडून, किंवा समग्र शिक्षातून होते. आमदार-खासदार निधीतूनही होते, पण तिथेही कागद हेच लागतात. जिल्हा परिषदेचा स्वतःचा सेस फंड लहान कामांना उपयोगी.

खोलीचा प्रस्ताव का अडतो

दोन कारणांनी, आणि दोन्ही गावात सुटणारी आहेत.

पहिलं, जागा. शाळा पन्नास वर्षं उभी असते आणि जमीन अजून दान देणाऱ्याच्या नावावर असते. सातबाऱ्यावर किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला शाळेची नोंद नसेल तर मंजूर खोलीही परत जाते. ज्यानं जागा दिली तो माणूस हयात आहे तोवर बक्षीसपत्र करून घ्या. पुढच्या पिढीत वारस चार होतात, त्यातला एक पुण्यात असतो आणि त्याला शाळेविषयी काही देणंघेणं नसतं.

दुसरं, जुनी खोली. पडायला आलेली खोली कागदावर जिवंत असेपर्यंत ‘खोल्या पुरेशा आहेत’ असं उत्तर येतं. तिचं निर्लेखन, म्हणजे निकामी ठरवून नोंदीतून काढणं, करून घ्यावं लागतं: समितीचा ठराव, ग्रामपंचायतीचा ठराव, बांधकामाचं वर्ष, चारही बाजूंचे फोटो, आणि बांधकाम उपविभागाच्या शाखा अभियंत्याचा धोकादायक असल्याचा अहवाल व मूल्यांकन. हे जिल्हा परिषदेकडून मंजूर झालं की खोल्या कमी दिसतात आणि नवीन खोलीची मागणी खरी ठरते. निर्लेखनाचा आणि नवीन खोलीचा प्रस्ताव एकाच दिवशी द्या, नाहीतर जुनी पाडली जाते आणि मुलं दोन पावसाळे समाजमंदिरात बसतात. पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळ्याच्या पावसात ही काही लहान गोष्ट नाही.

मंजुरीनंतरचा क्रम असा: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. चौकशीला गेलात तर ‘फाईल कुठे आहे’ असं विचारू नका. ‘तांत्रिक मान्यता झाली का, क्रमांक काय’ असं विचारा. उत्तर देणाऱ्याची भाषा लगेच बदलते. पुढच्या वर्षीच्या जिल्हा आराखड्यात काम बसवायचं तर प्रस्ताव नोव्हेंबरपर्यंत शिक्षण विभागाकडे पोहोचलेला हवा. जानेवारीत आराखड्याचा आकार ठरलेला असतो.

उत्तर येत नसेल तर

पत्राला महिना झाला की स्मरणपत्र, त्यावर पहिल्या पत्राचा आवक क्रमांक. त्यानंतर माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत हवा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, गटशिक्षणाधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. ‘शिक्षक का दिला नाही’ हा प्रश्न तिथे चालत नाही. कागद मागा: शाळेच्या संचमान्यतेची प्रत, कामगिरीवरच्या शिक्षकांची यादी आणि आदेश, दुरुस्तीसाठी वर पाठवलेल्या शाळांची प्राधान्य यादी. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील.

याहून सोपा रस्ता फार थोडे लोक वापरतात. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख बघायला खुले असतात. जिल्हा परिषदेत जाऊन प्राधान्य यादी स्वतः बघून या.

मुलांचा हक्क डावलला जात असेल तर अर्जाच्या विषयातच ‘अधिनियम २००९ कलम ३२ खाली तक्रार’ असं लिहा. मग ती साधी विनंती राहत नाही. स्थानिक प्राधिकरणाला म्हणणं ऐकून ३ महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि त्यावर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. जिल्हाधिकारी कार्यालयातला दर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिनही आहे, पण तिथे न्यायचं ते खाली दाद मागून झालेलं प्रकरण.

कमी पटाच्या शाळा

कोयनेच्या आणि चांदोलीच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर प्रश्न निधीच्याही आधीचा आहे: शाळा राहणार का? सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयानं २० पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे (जवळच्या लहान शाळा एकत्र करून एक शाळा) प्रस्ताव मागवले होते. असा विषय आला तर भावनेच्या भरात निवेदन देऊ नका. राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी. वस्तीपासून प्रस्तावित शाळेपर्यंतचं पायवाटेचं अंतर मोजा, वाटेतले ओढे आणि पावसाळ्यात ते किती दिवस अडवतात हे लिहा, सहा वर्षांखालची किती मुलं पुढे पटावर येणार याची अंगणवाडीकडून यादी घ्या. अंतरामुळे प्रवास भत्ता देऊ असं सांगितलं गेलं तर समग्र शिक्षातली ही तरतूद वर्षाला मुलामागे ६,००० रुपयांपर्यंत आहे; त्या रकमेत त्या घाटातून रोज जीप येईल का, याचा गाडीवाल्याचा लेखी दर जोडा.

समितीची मुदत २ वर्षांची. नवीन समिती बसली की पोच घेतलेल्या पत्रांची फाईल तिच्या ताब्यात द्या आणि तशी नोंद इतिवृत्तात करा, नाहीतर पाठपुरावा पहिल्या पत्रापासून सुरू होतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी चढलेल्या पलूस, वाळवा, मिरजेच्या कृष्णाकाठच्या गावांनी या फाईलचा, जमिनीच्या उताऱ्याचा आणि निर्लेखनाच्या आदेशाचा एक संच गावातल्या उंचावरच्या घरी आणि एक फोटो काढून दोन-तीन पालकांच्या फोनमध्ये ठेवावा. हे काम मे महिन्यातच उरकायचं.